बहिणीचे टेस्टोस्टेरॉन जास्त, माझे कमी. मग साखर दोघांचीही का वाढली?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात नुकत्याच दोघांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. दोन्ही रिपोर्ट शेजारीशेजारी ठेवून वाचल्यावर जो गोंधळ उडाला आहे, तो इथल्या जाणकारांपुढे मांडतो.

माझे वय ३८ आहे. पोटाचा घेर ९८ सेंटिमीटर आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.१ आले आहे आणि एकूण टेस्टोस्टेरॉन २६० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर असून त्यापुढे ‘कमी’ असा शेरा आहे. धाकटी बहीण ३१ वर्षांची आहे. कॉलेजात असल्यापासून तिची पाळी अनियमित आहे, हनुवटीवर केस येतात, आणि सोनोग्राफी झाल्यावर तिला पीसीओएस (अंडाशयाचे काम आणि संप्रेरकांचे संतुलन बिघडवणारा विकार) असल्याचे सांगण्यात आले. तिचे एचबीए१सी ५.९ आहे, आणि टेस्टोस्टेरॉन ७८ असून त्यापुढे ‘जास्त’ असा शेरा आहे. तिची उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ५६ किलो आहे, म्हणजे तिला लठ्ठ म्हणता येणार नाही.

आईला मधुमेह आहे. पाळी बंद झाल्यानंतर दोन-तीन वर्षांतच तो उघडकीस आला. वडिलांना नाही. माझे केस तिशीच्या आतच विरळ झाले आणि मामांचेही तसेच झाले होते. याचा इथे काही संबंध आहे की नाही ते ठाऊक नाही, पण सांगून ठेवतो.

माझा प्रश्न असा, की एकच संप्रेरक एकाच्या अंगात कमी पडल्यामुळे आणि दुसरीच्या अंगात जास्त झाल्यामुळे दोघांचीही साखर वाढते, हे कसे शक्य आहे? आमच्या घराण्यात टेस्टोस्टेरॉनचे एखादे बिघडलेले जनुक आहे, असे समजावे का? आणि माझे टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनने वाढवले व तिचे गोळ्यांनी उतरवले, तर दोघांच्याही साखरेचा प्रश्न सुटेल का?

शतपावली

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करतो. रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर विषय समजावून घेण्यापुरताच धरावा.

आधी आकड्यांकडे नीट पाहू. बहिणीचे ‘जास्त’ ठरलेले ७८ हे तुमच्या ‘कमी’ ठरलेल्या २६० च्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. प्रौढ पुरुषांत हा आकडा साधारण ३०० ते १००० च्या दरम्यान असतो आणि स्त्रियांत साधारण १५ ते ७०. प्रत्येक प्रयोगशाळेच्या मर्यादा थोड्या वेगळ्या असतात. तेव्हा तुम्ही दोघे एकाच पट्टीच्या दोन टोकांना नसून दोन वेगळ्या पट्ट्यांवर आहात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. रक्तातील टेस्टोस्टेरॉन बहुतांशी मोकळे फिरत नाही. त्याचा मोठा हिस्सा एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट बांधलेला असतो, उरलेल्यापैकी बराचसा अल्ब्युमिनला सैलसर चिकटलेला असतो, आणि पूर्णपणे मोकळा असतो तो जेमतेम एक ते तीन टक्के. हे एसएचबीजी तयार होते यकृतात, आणि तिथला चयापचय बिघडला की त्याचे उत्पादन घसरते. रक्तात इन्सुलिन सतत चढे राहिले, यकृतात चरबी साठू लागली, की एसएचबीजी खाली येते. यकृतातील पेशींवर आणि उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले आहे, की ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचा मारा झाल्यावर यकृत त्यांची चरबी बनवू लागते आणि त्याच वेळी एसएचबीजीच्या जनुकाला चालना देणारे एक नियामक प्रथिन मंदावते. म्हणून कमी एसएचबीजी हे चयापचय बिघडत चालल्याचे फार लवकर दिसणारे लक्षण आहे, आणि दुर्दैवाने आपल्याकडे ही तपासणी क्वचितच सांगितली जाते.

आता तुमच्यापासून सुरुवात करू. पोटावर चरबी, इन्सुलिन चढे, म्हणून एसएचबीजी कमी. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिनच घटले, तर एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडाही घटतो. मोकळा हिस्सा मात्र पुष्कळदा ठाकठीक असतो. याखेरीज चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचे विकर असते, ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रॅडिऑलमध्ये, म्हणजे इस्ट्रोजेनच्या मुख्य प्रकारात, करते. लठ्ठपणा फार असेल, तर मेंदूकडून वृषणांना मिळणारा इशाराच क्षीण होतो, आणि मग मोकळे टेस्टोस्टेरॉनही खरोखर कमी होते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन स्नायू राखते आणि पोटातील चरबीला आवर घालते. ते घटले की स्नायू कमी, चरबी जास्त, त्यामुळे इन्सुलिन आणखी चढे, असे चक्र सुरू होते. चक्र कोठून सुरू झाले हे एका रिपोर्टवरून सांगता येत नाही, पण तुमच्या वयात आणि तुमच्या पोटाच्या घेरात बहुतेकदा ते चरबीच्या बाजूने सुरू होते, असा माझा अनुभव आहे.

बहिणीच्या बाबतीत मूळ तेच आहे, वाट वेगळी आहे. पीसीओएसमध्ये स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. अंडाशय मात्र इन्सुलिनला दाद देतच राहतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीकडून येणारे एलएच हे संप्रेरक आणि हे वाढीव इन्सुलिन, दोन्ही मिळून अंडाशयातील थीका पेशींना जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतात. त्यातच यकृतातील एसएचबीजी घटलेले असते. म्हणजे उत्पादन जास्त आणि बांधून ठेवणारे प्रथिन कमी, त्यामुळे स्त्रीच्या शरीरात मोकळे टेस्टोस्टेरॉन एकूण आकड्यावरून वाटते त्यापेक्षा अधिक वाढते. हनुवटीवरचे केस आणि पाळीचा गोंधळ यांचे कारण ते. स्त्रियांत हे वाढीव टेस्टोस्टेरॉन पोटाकडे चरबी वळवते आणि इन्सुलिनला होणारा विरोध वाढवते, म्हणजे इथेही चक्र आहेच.

थोडक्यात, चढे इन्सुलिन पुरुषाच्या रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन खाली दाखवते आणि स्त्रीच्या रिपोर्टमध्ये वर.

बहीण लठ्ठ नाही, यावर निर्धास्त राहू नये. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, साधारण २२.६ येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता, तो या विषयातील माणसांना पाठ असतो: दोघांचाही बीएमआय अगदी २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस वजनकाट्यावर सडपातळ दिसूनही आतून चरबीचा असू शकतो. म्हणूनच आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त धरतात, आणि पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानतात. बहिणीचा बीएमआय न पाहता टेप लावून तिचा घेर मोजा.

तपासण्यांबद्दल: पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन सकाळी लवकर, उपाशीपोटी मोजायचे असते, आणि एका कमी आकड्यावर कधीही निर्णय घ्यायचा नसतो. दुपारी जेवून दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट असेल, तर तो बाजूला ठेवा. दुसऱ्यांदा मोजताना एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मोजून घेतल्यास मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा हिशेब करता येतो. ते खरोखर कमी निघाले, तर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही पियूषिका ग्रंथीची संप्रेरके पाहावी लागतील. बहिणीच्या बाबतीत थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन पाहून अन्य कारणे आधी वगळायची असतात. हे झाले नसेल तर तिच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आकडेमोड

वरील उत्तर छान आहे. जनुकांचा प्रश्न राहिला आहे, तो माझ्या कामाच्या जवळचा असल्यामुळे त्यापुरते लिहितो.

‘कमी टेस्टोस्टेरॉन आणि मधुमेह एकत्र दिसतात’ एवढ्यावरून कोण कोणाला कारण आहे ते ठरत नाही, कारण शतपावली यांनी सांगितल्याप्रमाणे गाडी दोन्ही दिशांनी धावते. ही गुंतागुंत सोडवण्यासाठी गेल्या दीड-दोन दशकांत जनुकांचा उपयोग करण्याची रीत रुळली आहे. आईवडिलांच्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणती आपल्या वाट्याला यायची, हे गर्भधारणेच्या वेळी म्हाडाच्या सोडतीसारखे निव्वळ योगायोगाने ठरते. पुढे आपण काय खातो, किती चालतो, वजन किती वाढते, याचा त्यावर परिणाम होत नाही. त्यामुळे जन्मतःच टेस्टोस्टेरॉन थोडे वर ठेवणारे जनुकभेद ज्यांना मिळाले, त्यांना पुढे मधुमेह जास्त होतो की कमी, हे लाखो माणसांत मोजले, तर कारण आणि परिणाम यांची बरीच फारकत करता येते.

ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’च्या सुमारे ४ लाख २५ हजार स्त्री-पुरुषांच्या माहितीवर असा मोठा अभ्यास २०२० साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांमध्ये जनुकांमुळे टेस्टोस्टेरॉन एका प्रमाणित विचलनाने (आकडे सरासरीपासून किती पसरलेले आहेत याच्या एका मापाने) जास्त असेल, तर टाइप २ मधुमेहाची शक्यता ३७ टक्क्यांनी आणि पीसीओएसची ५१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुरुषांमध्ये त्याच मापाच्या वाढीने मधुमेहाची शक्यता उलट १४ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘होय, हे शक्य आहे’ असे आहे. मात्र त्याच अभ्यासात जास्त टेस्टोस्टेरॉनमुळे पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो असेही निघाले. तेव्हा ‘पुरुषाला जितके जास्त तितके चांगले’ असा अर्थ त्यातून काढू नये. हा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला आहे, हेही ध्यानात ठेवावे. दिशा आपल्याकडेही तीच असावी असे मला वाटते, पण टक्केवारी जशीच्या तशी उचलणे बरोबर होणार नाही.

आता ‘घराण्यातील बिघडलेल्या जनुका’विषयी. अशा अभ्यासांतून हाती आलेली, मला स्वतःला सर्वांत लक्षणीय वाटणारी गोष्ट अशी, की पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन ठरवणारे जनुकभेद आणि स्त्रियांचे टेस्टोस्टेरॉन ठरवणारे जनुकभेद यांचा परस्परांशी जवळजवळ काहीच मेळ बसत नाही. पुरुषांत हा कारभार मेंदू, पियूषिका आणि वृषण यांच्यातील देवाणघेवाणीवर आणि एसएचबीजीवर चालतो. स्त्रियांत तो अंडाशय आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी यांच्यातील उत्पादनावर चालतो. तेव्हा बहिणीचा ७८ आणि तुमचा २६० हे एकाच जनुकाचे दोन अवतार असण्याची शक्यता फार कमी आहे.

तुम्हा भावंडांत जे समान असण्याची शक्यता आहे, ते इन्सुलिनच्या आणि चरबीच्या बाजूचे. याला दुजोरा देणारे एक काम २०२२ साली पुढे आले. पीसीओएसचा धोका वाढवणारे जनुकभेद पुरुषांतही असतातच, पण पुरुषांना अंडाशय नाहीत. मग त्या पुरुषांचे पुढे काय होते, हे संशोधकांनी पाहिले. ज्या पुरुषांच्या वाट्याला असे भेद जास्त आले होते, त्यांच्यात लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह, हृदयविकार आणि पुरुषी टक्कल, या सगळ्यांचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे पीसीओएस हा केवळ अंडाशयाचा आजार नाही. त्याचा काही भाग चयापचयाचा आहे आणि तो भावांनाही वारशात मिळू शकतो. तुम्ही केसांचा उल्लेख केलात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. अर्थात टक्कल पडण्याची इतर अनेक कारणे आहेत आणि मामांच्या डोक्याकडे पाहून कोणाला मधुमेह होईल हे ठरवू नये.

एसएचबीजीचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात एसएचबीजी जन्मतःच कमी-जास्त ठेवणाऱ्या भेदांवरून स्त्रिया आणि पुरुष या दोहोंतही मधुमेहाचा अंदाज बांधता आला. टेस्टोस्टेरॉनची दिशा लिंगानुसार उलटते, एसएचबीजीची मात्र उलटत नाही: कमी एसएचबीजी दोघांनाही अपायकारक. म्हणून दोघांची तुलनाच करायची असेल, तर टेस्टोस्टेरॉनची न करता एसएचबीजीची करा.

आईकडून आलेल्या वारशाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती फारशी कोणाला माहीत नसते. ७ व्या गुणसूत्रावर केएलएफ१४ नावाचे जनुक आहे आणि त्याची फक्त आईकडून आलेली प्रत काम करते. वडिलांकडून आलेली प्रत मुकी असते. त्याच्या शेजारचा मधुमेहाशी निगडित असलेला जनुकभेद आईकडून आला, तरच धोका वाढतो, आणि तोही मुख्यतः मुलींमध्ये: त्यांच्या चरबीच्या पेशी आकाराने मोठ्या होतात आणि नितंबांकडची चरबी पोटाकडे सरकते. तुमच्या घरात हेच झाले आहे असे माझे म्हणणे नाही; मधुमेहाशी संबंधित असे शेकडो भेद आहेत आणि प्रत्येकाचा वाटा लहान असतो. पण ‘आईचा मधुमेह मुलीकडे जातो’ या म्हणण्यामागे निदान एका ठिकाणी तरी असे नेमके कारण सापडलेले आहे. कंबर आणि नितंब यांच्या घेरांच्या गुणोत्तराशी निगडित ४९ जागा २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात सापडल्या होत्या. त्यांतील २० जागांचा परिणाम स्त्री-पुरुषांत वेगवेगळा होता, आणि त्या २० पैकी १९ ठिकाणी तो स्त्रियांत अधिक ठळक होता. चरबी कोठे बसावी हे ठरवणारी जनुके स्त्रियांच्या शरीरात जास्त बोलकी आहेत, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

तालीम

दोन्ही उत्तरे वाचली. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन जास्त असेल तर मधुमेह कमी होतो, हे जनुकांनीच सिद्ध झाले असेल, तर प्रश्नकर्त्याने इंजेक्शन का घेऊ नये? आमच्या जिममध्ये घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या पोटावर चरबी दिसत नाही. डॉक्टर लोक या विषयावर उगाच घाबरवतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

शतपावली

तालीम, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भीती घालून न देता प्रयोगांच्या आधाराने देता येते.

ऑस्ट्रेलियात ५० ते ७४ वयाच्या १००७ पुरुषांवर दोन वर्षे प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. हे सगळे पोट सुटलेले, टेस्टोस्टेरॉन थोडे कमी असलेले आणि साखर वाढू लागलेले किंवा नुकताच मधुमेह झालेले पुरुष होते. सर्वांना आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम दिला. निम्म्यांना त्याबरोबर टेस्टोस्टेरॉनची लांब पल्ल्याची इंजेक्शने दिली, निम्म्यांना औषध नसलेली. दोन वर्षांनी मधुमेहाच्या पातळीवर असलेले पुरुष इंजेक्शनच्या गटात १२ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २१ टक्के. म्हणजे गुण आला, हे मान्य करायला हवे. पण इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के पुरुषांचे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा) ५४ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून वर गेले, म्हणजे रक्त धोकादायकरीत्या दाट झाले. दुसऱ्या गटात हे प्रमाण १ टक्का होते.

त्यानंतर अमेरिकेत हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या, आणि टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेल्या ५२४६ पुरुषांवर जेलचा प्रयोग झाला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, ही दिलासा देणारी बाब होती, पण हृदयाचे ठोके अनियमित होणे, फुफ्फुसात रक्ताची गुठळी जाणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे हे प्रकार जास्त दिसले. आणि याच प्रयोगातील, साखर सीमेवर असलेल्या पुरुषांचा वेगळा हिशेब केला, तेव्हा टेस्टोस्टेरॉनने मधुमेह टळलेला दिसला नाही. इथे आहार-व्यायामाचा कार्यक्रम जोडलेला नव्हता. दोन प्रयोगांतील फरकाचे ते एकमेव कारण असेलच असे नाही, पण माझा कल तिकडे आहे.

जनुकांचा अभ्यास सांगतो तो जन्मभर किंचित जास्त राहिलेल्या पातळीचा परिणाम. ३८ व्या वर्षी बाहेरून दिलेला मोठा डोस ही निराळी गोष्ट आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले, की पियूषिका ग्रंथी वृषणांना इशारा देणे थांबवते आणि शुक्राणूंची निर्मिती घसरते, कधी पूर्ण थांबते. मूल हवे असलेल्या तरुण पुरुषाला हे इंजेक्शन देऊ नये, हा सर्वमान्य नियम आहे. जिममध्ये घेतले जाणारे डोस उपचाराच्या डोसांच्या कित्येक पट असतात आणि त्यांची कोणतीही तपासणी होत नाही. पोट सपाट दिसणे हे यकृत आणि हृदय ठीक असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

उलट दिशेने गेल्यास काय होते, हेही ठाऊक आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगात औषधाने टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणतात. अशा हजारो रुग्णांच्या नोंदींवरून २००६ साली असे दिसले, की त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ४४ टक्क्यांनी जास्त होते. तेव्हा खरी कमतरता असेल तर ती भरून काढण्याला माझा विरोध नाही. पण कृष्णाकाठ यांचा २६० हा आकडा खरी कमतरता आहे की कमी एसएचबीजीची सावली, हे अजून ठरायचे आहे. वजन उतरले की एसएचबीजी वाढते आणि टेस्टोस्टेरॉनही आपोआप वर येते. जितके जास्त वजन उतरेल तितके जास्त. आणि मधुमेह टाळण्यासाठी त्याचा उपयोग भारतीय माणसांवरच सिद्ध झालेला आहे: चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहार आणि चालणे यांनी मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाने २६.४ टक्क्यांनी.

मोगरा

या चर्चेत आईचा विषय मागे पडला, म्हणून विचारते. प्रश्नकर्त्याच्या आईला पाळी बंद झाल्यावर मधुमेह झाला, माझ्या मावशीलाही तसेच झाले. मग स्त्रियांना इतकी वर्षे इस्ट्रोजेनचे संरक्षण असते, असे म्हणायचे का? आणि तसे असेल, तर पुरुषांना ते मुळातच नसते का? डॉक्टर, शिवाय पीसीओएससाठी ज्या पाळीच्या गोळ्या देतात, त्यांनी साखर सुधारते की बिघडते, हेही कृपया सांगावे. बहिणीच्या वयाच्या अनेक मुली वर्षानुवर्षे त्या घेत असतात.

शतपावली

मोगराताई, पुरुषांनाही इस्ट्रोजेन असते आणि लागतेही. पाळी बंद झालेल्या स्त्रीच्या रक्तात जितके इस्ट्रॅडिऑल असते, त्यापेक्षा तिच्या वयाच्या पुरुषाच्या रक्तात पुष्कळदा जास्त असते, कारण त्याच्याजवळ कच्चा माल, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, भरपूर असतो. १९९४ साली २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींतील इस्ट्रोजेनचा ग्राहकच, म्हणजे इस्ट्रोजेनचा इशारा पकडणारे प्रथिनच, जनुकदोषामुळे निकामी होते. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित असूनही त्याच्या हाडांची टोके जुळली नव्हती, उंची २०४ सेंटिमीटरपर्यंत वाढली होती, आणि साखर व इन्सुलिन दोन्ही बिघडलेले होते. पुढे २०१३ साली निरोगी पुरुषांवर झालेल्या प्रयोगात असे दिसले, की टेस्टोस्टेरॉन कमी केल्यावर स्नायू घटतात, पण चरबी वाढते ती मुख्यतः इस्ट्रोजेन घटल्यामुळे. पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन जे हितकारक काम करते, त्यातला काही भाग इस्ट्रोजेन होऊन करते. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनबरोबर अरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्या घेण्याची पद्धत आहे. ती या कारणाने तरी मला निव्वळ नुकसानीची वाटते.

रजोनिवृत्तीबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. इस्ट्रोजेन असते तोवर स्त्रीची चरबी मांड्या आणि नितंब यांवर बसते, आणि ती तुलनेने निरुपद्रवी असते. ते घटल्यावर चरबी पोटाकडे आणि यकृताकडे वळते. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांच्या चार-पाच वर्षे आधी, त्यामुळे संरक्षणाचा काळही तेवढा आखूड. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर झालेल्या संप्रेरक-प्रयोगात औषध घेणाऱ्यांत मधुमेह २१ टक्क्यांनी कमी आढळला. तरी स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि गुठळ्या यांचे प्रमाण वाढल्यामुळे तो प्रयोग २००२ साली थांबवावा लागला, आणि केवळ मधुमेह टाळण्यासाठी ही संप्रेरके कोणीही देत नाही. फार घाम येणे, झोप न लागणे अशा त्रासासाठी, योग्य वयात आणि तपासून दिली, तर गोष्ट वेगळी. कृष्णाकाठ यांच्या आईला आता त्यांची गरज नाही. त्यांचा मधुमेह मधुमेहाच्या औषधांनीच आटोक्यात ठेवायचा आहे.

आता पाळीच्या गोळ्या. त्यांतील इस्ट्रोजेन यकृतातून जाताना एसएचबीजी बरेच वाढवते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन उतरते, केस आणि मुरमे कमी होतात, पाळी वेळेवर येते. रिपोर्ट सुंदर दिसतो. पण हे एसएचबीजी गोळीने वाढवलेले असते, यकृत सुधारल्यामुळे वाढलेले नसते, आणि इन्सुलिनची अडचण होती तिथेच राहते. म्हणून गोळ्या चालू असताना केलेल्या टेस्टोस्टेरॉन किंवा एसएचबीजीच्या तपासणीवरून चयापचयाबद्दल काहीही अनुमान काढू नये. गोळ्या वाईट नाहीत. गर्भाशयाच्या अस्तराला त्या संरक्षण देतात आणि अनेक मुलींना त्यांची गरज असते. साखरेसाठी मात्र चालणे, स्नायूंचा व्यायाम, जेवणात भात-पोळी आवरून डाळी, उसळी, अंडी वाढवणे, आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास मेटफॉर्मिन, हे वेगळे करावे लागते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझे रक्त दुपारी जेवणानंतर घेतले होते, तेव्हा सकाळी उपाशीपोटी एसएचबीजीसह पुन्हा तपासणी करून घेतो आणि इंजेक्शनचा विचार तूर्त सोडून देतो. बहिणीबद्दल एकच विचारायचे राहिले: ती पुढच्या वर्षी मूल होऊ देण्याचा विचार करते आहे. तिचे ५.९ पाहून आताच काही करायला हवे का, की गर्भारपणात तपासतील तेव्हा पाहावे?

शतपावली

आताच. पीसीओएस असलेल्या स्त्रीची साखर उपाशीपोटी ठीक असते आणि जेवणानंतर चढते, असे फार वेळा होते, म्हणून नुसत्या एचबीए१सीवर किंवा उपाशीपोटीच्या साखरेवर थांबू नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर मोजण्याची तपासणी गर्भधारणेच्या आधी करून घ्यावी, आणि गर्भ राहिल्यावर पहिल्याच भेटीत व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावी. गर्भारपणातील मधुमेहाचा धोका तिला पीसीओएसमुळे, आईच्या मधुमेहामुळे आणि आताच्या ५.९ मुळे असा तिन्ही बाजूंनी आहे. ती सध्या कोणत्या गोळ्या घेते, हेही आताच तपासून घ्या: अंगावरच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन दिलेले असेल, तर गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्यापूर्वी ते बंद व्हायला हवे, कारण पोटात मुलगा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर त्या औषधाचा परिणाम होऊ शकतो. मेटफॉर्मिन चालू असेल, तर ते मनानेच थांबवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा.